तिसरी पापणी

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या विद्यापीठात डोळे तपासण्याची प्रयोगशाळा आहे. माणसांचे, कुत्र्यांचे, घोड्यांचे, उंदरांचे. डोळा म्हणून जे पाठवाल ते आम्ही तपासतो. नमुन्याचे पातळ काप काढून काचपट्टीवर चढवणं हे माझं काम. नमुना कुणाचा हे तपासणाऱ्याला कळू नये, म्हणून नाव झाकून आकडा लावायचा, तेही माझ्याकडेच. नियम चांगला आहे. आमच्याकडे वाईट नियम नाहीतच, फक्त समित्या आहेत.

मार्चमध्ये शाळेची बस चालवणारे ऑर्व्हिल टीडमन आणि त्यांची कुत्री पिकल, दोघांच्याही डाव्या डोळ्यात गाठ आली. एका छपराखाली राहणाऱ्या माणसा-कुत्र्यांवर आमचा अभ्यास चालू होता, म्हणून दोघांचेही तुकडे आमच्याकडे आले. गाठ साधी असल्याचा लेखी दाखला शुक्रवारपर्यंत दिला तरच शाळा टीडमनना बसवर ठेवणार होती.

डॉ. मार्गरेट व्हॉस्लर यांनी निकाल दिला: ४१ साधी गाठ, ४२ कर्करोग.

गुरुवारी टीडमन पिकलला घेऊन खिडकीशी हजर. समोर निःपक्षपातीपणा समितीचे अध्यक्ष हॅल्डेन.

"साहेब, यातला माझा आकडा कुठला?"

"अभ्यास संपला की कळवू. चार वर्षांनी."

"अहो, उद्या माझी बस जातेय!"

"ही घाई म्हणजेच पक्षपात, टीडमन. कुत्री बघा कशी शांत बसलीय."

आतून डॉ. व्हॉस्लर तरातरा आल्या. "हा काय पोरखेळ लावलाय? बेचाळीसमध्ये तिसरी पापणी आहे. ती कुत्र्याला असते, माणसाला नसते. कॅन्सर कुत्रीला आहे. द्या त्यांना दाखला!"

हॅल्डेन पांढरे पडले. "म्हणजे तुम्ही ओळखलंत?"

"तीस वर्षं डोळेच बघतेय. ओळखू नको तर काय करू?"

त्यांना तिथल्या तिथे कामावरून दूर केलं. कारण लेखी आहे: 'जाणकार असल्याचे आढळून आले.' निकाल रद्द झाला. फेरतपासणीसाठी वाहनतळ विभागातून एक सद्‌गृहस्थ आणले, कारण त्यांचं डोळ्यांबाबत काहीच मत नव्हतं. त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहून दोन्ही पट्ट्यांवर 'छान गुलाबी' असा शेरा मारला.

शुक्रवारी समितीची बैठक झाली; मीही तिचा सदस्य आहे. आदल्या दिवशी खिडकीशी कोणी काही ऐकलेलं नाही, असा ठराव हॅल्डेननी मांडला. मग भेदभाव नको म्हणून दोघांबाबत समान निर्णय: टीडमन आणि पिकल, दोघांनाही शाळेची बस चालवण्यास मनाई.

पिकलचं बरं झालं. डॉ. व्हॉस्लर यांनी फोनवर सांगितलेलं पशुवैद्याने ऐकलं, समितीला न विचारता डोळा काढला, आणि आता ती एका डोळ्याने खारींच्या मागे धावते. टीडमनचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. सकाळी सात वाजता त्यांची जुनी बस घरावरून जाते, तेव्हा ते दोन्ही डोळ्यांनी ती बघत उभे असतात. मला त्यांच्या रस्त्याने जाववत नाही.

कारण ठरावाच्या वेळी हॅल्डेननी विचारलं होतं, "कुणाला काही म्हणायचंय?" आणि कुठला आकडा कुणाचा हे लिहिलेली वही माझ्या मांडीवर होती. ती उघडली असती, तर एका ओळीत दाखला झाला असता. मी बाकीच्यांसारखाच ठरावाच्या बाजूने हात वर केला. ठराव एकमताने पास झाला.

माझ्या जागी तुम्ही बोलला असतात, म्हणता? असेल. तुमच्या ऑफिसातली मागची बैठक आठवा. तिथेही सगळं एकमतानेच झालं होतं ना?