पाणी नाही : दुर्लक्ष करावे

सोमवारी उस्मानपुऱ्यातल्या कोपरा सभेत उमेदवार बद्रीनाथभाऊ यांनी आपल्या प्रतिस्पर्धी, माजी नगरसेविका सुलेखाताई यांच्याविषयी जाहीर उद्गार काढले : "बाईत पाणी नाही!" पाणी म्हणजे धमक. माणसं खदखदून हसली, आणि ताईंच्या प्रचार कार्यालयाने सदर उद्गाराकडे दुर्लक्ष करण्याची कार्यवाही तातडीने सुरू केली.

दुर्लक्ष करणं ऐऱ्यागैऱ्याला जमत नाही. प्रचारप्रमुख इंद्रजीत पूर्वी वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासायला होता. खोट दिसली की शिक्का मारून बाजूला, ही त्याची शिस्त. त्याने टीकेची नोंदवही उघडली. ताईंच्या उंचीवर टीका, ताईंच्या हिंदीवर टीका, यजमान पिशवी धरून मागे चालतात त्यावर टीका (ही तीनदा). प्रत्येकीसमोर जांभळा शिक्का : 'प्रचाराची रणनीती. दुर्लक्ष करावे.' पाण्याच्या टीकेला अनुक्रमांक सत्तेचाळीस मिळाला.

मंगळवारी मागच्या गल्लीतल्या द्वारकाबाई आल्या. त्यांची लेक दीपमाला बाळंतपणाला माहेरी आलेली.

"भाऊ, पाणी नाय."

इंद्रजीतने पेनाचं टोपण काढलं. "कुणी पाठवलं?"

"कोण पाठवील? नऊ दिस झाले, नळाला थेंब नाय. घरात बाळंतीण हाय, रविवारी बारसं हाय. आहे त्या पाण्यात लेकराची दुपटी धुवावीत का पाव्हणे पाजावेत?"

"मावशी, हेच शब्द काल बद्रीनाथ बोलला."

"मग लई दिसांनी खरं बोलला म्हणायचा!"

शिक्का पडला. अनुक्रमांक अठ्ठेचाळीस.

सायंकाळपर्यंत आणखी अकरा बायका येऊन तेच म्हणाल्या. इंद्रजीतचे डोळे चमकले. मजकूर एकच, तोंडं वेगवेगळी : हे संघटित कारस्थान नाही तर काय? लगोलग पत्रक निघालं की, 'पाणी नाही' हा विरोधकांचा खालच्या पातळीवरचा प्रचार असून आम्ही त्यास महत्त्व देत नाही. कार्यालयात तो शब्द उच्चारायला बंदी झाली. आल्यागेल्याला चहापाणी विचारायचं ते नुसता चहा विचारू लागले. ठसका लागलेल्या कार्यकर्त्याने खुणेने मागावं, असं ठरलं.

सुलेखाताईंना मात्र राहवेना. "अरे, द्वारकाबाई खोटं कशाला बोलतील? मी दवाखान्यात होते तेव्हा महिनाभर त्यांच्या घरची भाकरी खाल्लीय मी."

"ताई, खरं बोलणं हीच तर त्यांची रणनीती आहे."

"पाणी सोडणाऱ्या लाइनमनला एक फोन तरी करू दे."

इंद्रजीतने फोनवर हात ठेवला. "आत्ता नळ आला, तर आपण वैयक्तिक टीकेची दखल घेतली असं होईल. निकालापर्यंत नळ कोरडा राहणं, यातच आपला बाणेदारपणा आहे."

ताईंनी फोन खाली ठेवला. बाणेदार म्हटलेलं त्यांना आवडलंही असावं.

द्वारकाबाई मग बद्रीनाथभाऊंकडे गेल्या. भाऊंनी त्यांना खुर्ची दिली, वर शालही दिली.

"काकू, शनिवारी स्टेजवर या. दोनच शब्द बोला : पाणी नाय!"

"आन् नळाचं?"

"नळाचं नाव काढू नका, विषय भरकटतो. आधी बाईचं बघू, मग नळाचं."

"बारसं रविवारी हाय, भाऊ."

"म्हणून तर सभा शनिवारी ठेवलीय!"

भाऊंचा पाणीटंचाईशी संबंध नव्हता असं नाही. त्यांचे स्वतःचे सहा टँकर फिरत होते.

शनिवारी द्वारकाबाई स्टेजवर चढल्या. इतकी माणसं पाहून त्यांनी पदर सावरला. माइक धरून त्या म्हणाल्या, "पाणी नाय!" शिट्ट्या, टाळ्या, फटाके. पुढे काही म्हणाल्या, पण तोवर बद्रीनाथभाऊ त्यांच्या पाया पडत होते आणि फोटोवाले पुढे घुसले होते.

रविवारी बारशाला बोलावलेले चाळीस आणि न बोलावलेले दोनशे लोक आले. पाळण्याकडे कोण बघतो! सगळ्यांना द्वारकाबाईंसोबत सेल्फी हवा. गर्दीतल्या एका पाहुण्याने रिकामा पेला पुढे केला. द्वारकाबाईंनी हंडा तिरका करून पाहिला आणि ओशाळून म्हणाल्या, "पाणी नाय, दादा."

मांडव हशाने दणाणला. "काकू, अजून एकदा! या बाजूला बघून!"

आत दीपमाला बाळाचं अंग ओल्या फडक्याने पुसत होती. सासरी न्यायला आलेल्या नवऱ्याला म्हणाली, "आजच चला."

शनिवारच्या भाषणाचा व्हिडिओ तुम्हालाही आला असेल. तेवीस सेकंदांचा आहे. एकोणिसाव्या सेकंदाला ती बाई अगदी स्पष्ट म्हणते, "नळाला, माय, नळाला." पण तुम्ही तो अकराव्या सेकंदालाच, हसून हसून, पुढे पाठवला होतात.