कादरी सरांचे पेढे

कादरी सर पेढे घेऊन दारात उभे राहिले की आमच्याकडचे प्राध्यापक समजून जात, लेख नापास झाला!

मराठवाड्यातल्या भूगोलाच्या प्राध्यापकांची एक संघटना होती. तिचे अध्यक्ष तेच, तिच्या संशोधन त्रैमासिकाचे संपादकही तेच. मी लातुरातला त्यांचा सहसंपादक, म्हणजे मुख्यतः त्यांच्या स्कूटरवर मागे बसणारा. स्वीकारलेल्या लेखाला ते साधं पोस्टकार्ड टाकत. नाकारलेला लेख मात्र स्वतः नेऊन देत, मग एसटीनं देगलूर गाठावं लागो की मुदखेड. "नकार पोस्टानं द्यायचा नसतो पाटील, तोंड दाखवून द्यायचा."

भोकरला एकदा एका प्राध्यापकांच्या बायकोनं खिडकीतूनच सांगितलं, "साहेब घरी न्हाईत. पेढे तेवढे ठेवून जा." आतून साहेब खोकले. सर ओसरीवर ठाण मांडून बसले. शेवटी साहेब बाहेर आले आणि दोघांनी मिळून लेखातले नकाशे नव्यानं काढले.

ही सवय त्र्याण्णवच्या भूकंपानंतरची. औशाच्या बाजूच्या लेखकांची पत्रं येईनाशी झाली, तेव्हा सर पत्र्याच्या शेडांमधून त्यांना शोधत फिरले. जिवंत आहात का, असं कसं विचारणार? म्हणून म्हणायचे, "तुमच्या लेखात एक शंका हाय." काही शंका तशाच परत आणाव्या लागल्या.

पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. लिहिणारे सगळे तिकडं शिकवायला पळाले. लेख येईनात, सरांची झोप उडाली. टपाल आलं नाही म्हटलं तरी पेटीत हात घालून चाचपायचे. त्यात संघटनेच्या सदस्यांनी बजावलं, हा अंक वेळेवर निघाला नाही तर त्रैमासिक बंद. एकच लेख कमी पडत होता.

आणि तो आला! एका बड्या क्लासच्या मालकाचा, सरांच्याच जुन्या विद्यार्थ्याचा. वाचला तर निव्वळ क्लासच्या नोट्स.

"छापून टाकू सर, कोण वाचायलंय?" मी म्हटलं.

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट चहा सांगायला उठलो. संध्याकाळी त्यांनी पेढे घेतले.

क्लासचा मालक पुडा बघून आधी हसला, मग खुर्ची सरांकडं सरकवली. सरांनी त्याला पानोपान चुका समजावल्या. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं आणि निघताना सरांच्या पाया पडला.

बाहेर आल्यावर माझा तोल सुटला. "बंद पडलं त्रैमासिक! तुम्हीच पाडलं!"

सर स्कूटरला किक मारत राहिले. ती काही चालू होईना.

"लेख छापणं माझ्यानं होणार नव्हतं," ते म्हणाले. "पण भीती लई वाटायली, पाटील. बेगम गेली, पोरगं परदेशात. लेख हातात असला की लोक दार उघडतात, बसा म्हणतात. आता कुणाच्या घरी काय म्हणून जाऊ?"

मी म्हटलं, "सर, आज आमच्याकडं चला जेवायला."

"कोणत्या कामानं?" त्यांनी घाबरून विचारलं.