अप्पळम् ऐकणारे डॉक्टर हनुमंतराव

कुंभकोणमात कुणाच्याही घरचं लग्न असो, पंगत बसली की डॉक्टर हनुमंतराव तिथे हजर. आमंत्रण असो वा नसो. ते स्वतः जेवायला बसत नसत. हात पाठीशी बांधून, मान जरा कलती करून, केळीच्या पानांच्या रांगेमागून सावकाश चालत आणि मध्येच एखाद्या म्हाताऱ्याच्या पाठीशी थबकत. म्हाताऱ्यानं अप्पळम्, म्हणजे आपला पापड, तोंडात घालून कडकन मोडला की डॉक्टरांचा चेहरा असा खुलायचा की नवरदेवाचाही खुलला नसेल.

"ऐकिलें का, सातारेकर?" ते माझ्या कानाशी लागत. "धड चार दांत नाहींत तोंडांत, तरी कसा मोडितो पाहा!"

डॉक्टर होते किरणोपचाराचे. कर्करोगाच्या गाठीवर कोबाल्टच्या यंत्रातून किरण सोडायचे, हा त्यांचा उद्योग. त्या मुलखात विडा म्हणजे जीव की प्राण, त्यात तंबाखूची चिमूट. तेव्हा गालाच्या नाही तर जिभेच्या गाठी घेऊन येणारेच जास्त. उपचार संपवून माणूस घरी गेला की पुढे त्याचं काय झालं, हे इतर डॉक्टर तपासणीच्या दिवशी बघतात. हनुमंतराव ते लग्नात बघत. नुसतं जगण्याला ते फार भाव देत नसत. "जगतें तें माडाचें झाडही," ते म्हणत. "अप्पळम् खातो का, तें सांगा."

एकदा मद्रासच्या परिषदेतही त्यांनी हेच सांगितलं. विचारणाऱ्यानं विचारलं होतं, किती टक्के रुग्ण पाच वर्षं जगले? डॉक्टरांनी उत्तर म्हणून अप्पळम् रसम्‌मध्ये बुडवून मऊ करून खाणारा आणि कोरडा मोडणारा यांच्यातला फरक समजावून दिला, हातवाऱ्यांसकट. सभागृह खो खो हसलं. डॉक्टरही हसले, आणि परतीच्या गाडीत मला म्हणाले, "बिचारे. भोजनोत्तर सभा ठेविली असती तर त्यांस कळलें असतें."

मी मूळचा साताऱ्याचा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्या धर्मादाय इस्पितळात भौतिकतज्ज्ञ म्हणून लागलो. यंत्रातून किरण किती निघतात आणि रोग्याला किती द्यायचे, याचा हिशेब माझ्याकडे. पहिल्याच दिवशी एका तुळतुळीत टकलाच्या, धोतर नेसलेल्या गृहस्थानं "प्रवास सुखरूप जाहला ना? आधीं भोजन, मग यंत्र," असं म्हटलं, तेव्हा मी घाबरलोच. वाटलं, कुणी ऐतिहासिक नाटकातून थेट इकडे आलं. पुढे कळलं की त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आलं ते तिथलंच झालं, आणि भाषाही त्या काळची तशीच जपली गेली. टक्कल मात्र पूर्ण नव्हतं. मागे करड्या केसांची एक झालर होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता.

इस्पितळात त्यांचे कायदे चालत. पहिला कायदा बसचा. ज्याचं गाव लांब आणि ज्याची बस लवकर सुटणार, त्याचा नंबर आधी. तिरुप्पनंदाळची बाई पहिली, चोळपुरम्‌चा शेतकरी तिच्यामागून, आणि गावातली मंडळी सगळ्यांत शेवटी. एकदा एक बडे जमीनदार मोटारीतून आले आणि त्यांच्या कारभाऱ्यानं पुढे येऊन घाई केली. डॉक्टर अतिशय नम्रपणे म्हणाले, "बस कुणासाठी थांबत नाही. अय्यांची मोटार मात्र अय्यांना सोडून जायची नाही. तेव्हा अय्यांनी बसावं." अय्या, म्हणजे मालक, बसले. इतर वेळी त्यांच्यासमोर उभी राहणारी माणसं त्यांच्या आधी आत जाऊन आली, आणि वर्तमानपत्र पाठ झाल्यावर अय्यांना हाक आली.

दुसरा कायदा बायकांचा. "बायका जेवितात शेवटच्या पंगतींत, म्हणोन इस्पितळांतही येतात शेवटीं," हे त्यांचं आवडतं सूत्र. "पुरुष फोड आला कीं येतो. बाई गाठ लिंबाएवढी झाल्यावर येते, तेंही स्वयंपाक उरकून." म्हणून तपासणीला आधी बायका. तोवर नवऱ्यांनी पोरं सांभाळायची. बाहेरच्या बाकांवर कडेवर पोरं घेतलेल्या मिशाळ पुरुषांची रांग बघायला मला फार आवडायचं.

तिसरा कायदा आमच्यासाठी होता. अकरा वाजले की यंत्र बंद, आणि झाडूवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे एका बाकावर कॉफी घेऊन. त्या वेळात रोग्यांबद्दल बोलायला बंदी, रडायला परवानगी. आमच्या सिस्टर लूर्दम्मा एका लहान मुलीच्या उपचारानंतर दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना सक्तीची रजा देऊन बहिणीकडे धाडलं. वर माझ्याकडे वळून म्हणाले, "यंत्राचें तेलपाणी दर महिन्यास करितां. माणसाचें कोण करील?" मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, इथे काम कोण करील? पण सिस्टर परत आल्या तेव्हा गात गात आल्या.

मात्र एका बाबतीत हा गोड माणूस तापट होता. उपचार अर्ध्यावर सोडलेला त्यांना खपत नसे. तिथल्या जेवणात शेवटी ताकभात येतो, आणि तो खाल्ल्याशिवाय पानावरून उठणं म्हणजे यजमानाचा अपमान. तेव्हा येईल त्याला डॉक्टर बजावत, "ताक येईपर्यंत उठायचं नाही!" कारणही तसंच होतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गाठ लहान होते आणि तोंड मात्र आतून सोलवटून निघतं. माणसाला वाटतं, रोग गेला, आता हे किरणच जाळताहेत. तो घरी बसतो. मग गाठ परत येते, आणि परत आलेली गाठ सहसा कुणाला दाद देत नाही.

या सगळ्यात दिवाळी म्हणजे डॉक्टरांची वैरीण. दिवाळीच्या पहाटे घरातल्या वडीलधाऱ्यानं प्रत्येकाच्या डोक्यावर तेल घालायचं आणि मग ऊन पाण्यानं न्हायचं. त्याला तिकडे गंगास्नान म्हणतात. दिवसभर जो भेटेल तो रामरामाऐवजी हेच विचारतो, "गंगास्नानम् आच्चा?" झालं का गंगास्नान? आता आम्ही किरणांसाठी रोग्याच्या गालावर, मानेवर जांभळ्या शाईच्या रेघा आखलेल्या. तेल-शिकेकाईपुढे त्या कसल्या टिकतात! डॉक्टर आठवडाभर ओरडून सांगत, गळ्याखाली गंगा, गळ्यावर वाळवंट. तरी दिवाळीनंतर निम्मे चेहरे कोरे करकरीत.

एका वर्षी दिवाळीला नेहमीप्रमाणे यंत्र बंद ठेवून त्यांनी सगळ्यांना घरी धाडलं. मी एवढ्या लांब कुठे जाणार? तेव्हा सकाळीच माझ्या दारी स्कूटर फुरफुरली. "चला, रेघा पाहूं!" आम्ही घरोघर निघालो. वाटेत लोक विचारत, "डॉक्टर, गंगास्नानम् आच्चा?" डॉक्टर ओरडून उलट विचारत, "तुझ्या बापाच्या रेघा शाबूत आहेत ना?" आणि स्कूटर पुढे.

तिरुभुवनम्‌ला अलमेलूच्या घरी मात्र स्कूटर थांबली ती थांबलीच. अलमेलू रेशमाच्या मागावर बसणारी, पस्तिशीची बाई. गालाची गाठ चांगली उतरत आली होती. ती दारात आली तर केस ओले आणि गाल स्वच्छ.

"मीच न्हाऊ घातलं," तिची सासू पुढे येऊन म्हणाली. चेल्लम्मा पाट्टी. पाट्टी म्हणजे आजी, पण आवाज फौजदाराचा. "गाठ गेली. आता तुमचा उजेड तिचं तोंड जाळतोय. सणाच्या दिवशी पोरीला मुरुक्कू-चकलीचा तुकडा चावता येईना. पुरे झालं. उद्यापासून ती यायची नाही."

अलमेलूचा नवरा खांबाआड उभा होता. त्या घरात त्याला तेवढंच काम असावं.

डॉक्टरांनी समजावलं, दटावलं, हात जोडले. शेवटी हुकमी अस्त्र काढलं, "पाट्टी, ताक येईपर्यंत उठू नये."

"पोट भरलेल्याला कसलं ताक?" पाट्टीनं ताडकन उत्तर दिलं.

डॉक्टरांचं अस्त्र असं वाया गेलेलं मी प्रथमच पाहिलं. अलमेलू मान खाली घालून उभी होती, आणि ती आली नाही तर काय होईल ते आम्हा दोघांना नेमकं ठाऊक होतं. मी मराठीत हळूच म्हटलं, "डॉक्टर, उद्या पुन्हा येऊ." त्यांनी मला तमिळमध्येच गप्प केलं. रोग्यासमोर ते कधीही मराठी बोलत नसत. त्याला वाटतं आपलं मरण ठरवताहेत, म्हणत.

पाट्टी त्यांच्या डोक्याकडे निरखून बघत होती.

"गंगास्नानम् आच्चा?"

डॉक्टरांनी टकलावरून हात फिरवला.

"घरी तेल घालायला कोण आहे?"

लग्न त्यांनी केलंच नव्हतं. शेवटी मीच मान हलवली, कुणी नाही.

"अय्यो! दिवाळीला माझ्या दारातून कोरड्या डोक्यानं परत धाडू? बस, बस पाटावर!"

डॉक्टरांचे डोळे लकाकले. ती लकाकी मी ओळखून होतो. "बसतो," ते म्हणाले, "पण उद्या अलमेलू आली तर. नाही तर असाच कोरडा जाईन, आणि गल्लीभर सांगत जाईन."

पाट्टी कात्रीत सापडली. तिनं सुनेकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं, मुलाच्या खांबाकडे पाहिलं. "सरी," ती म्हणाली, म्हणजे बरं. "येईल. आता बस मुकाट्यानं."

अलमेलू दुसऱ्या दिवशी आली, पाट्टी स्वतः तिला घेऊन आली, रेघा पुन्हा आखल्या आणि उपचार पुरा झाला. ते सगळं नीट झालं. पण मला आठवतं ते पाटावरचं.

डॉक्टर धोतर सावरून मांडी घालून बसले, आणि जिंकलेल्या माणसासारखे माझ्याकडे बघून डोळे मिचकावू लागले. पाट्टीनं कोमट तेल तळव्यावर घेतलं आणि त्यांच्या टाळूवर थापलं. त्याबरोबर ते मिचकावणं थांबलं. खांदे खाली आले, डोळे मिटले. दर दिवाळीला सगळ्यांना घरी धाडून हा माणूस कुठे जात असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. पाट्टीची बोटं मागच्या झालरीतून कानांपर्यंत फिरली.

"आई, हळू गे," डॉक्टर म्हणाले. "कानांत जातें."

पाट्टीला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. "सरी, सरी," म्हणत तिनं हात हलका केला.