मोटारींची खंडेनवमी

वडूजला बदली झाल्याचं कळलं आणि चिंतामण भावे भरल्या ताटावरून उठला. माणूस साताऱ्याच्या कचेरीतला साधा कारकून, पण आव असा, की हा गेला तर अजिंक्यतारा खाली बसेल. वडूजमध्येही माणसं राहतात, जेवतात, हसतातसुद्धा, हे त्याला सांगायचं कुणी? बदली रद्द करणं कचेरीचे साहेब लालासाहेब माने यांच्या हातात होतं आणि या साहेबांना वेड एकच: विलायती, ओतीव धातूच्या, बोटभर मोटारी. पन्नाशीचा बाप्या काचेच्या कपाटात त्यांच्या बंद डब्या मांडून टक लावून बसायचा!

"एवढा घोडा झाला तरी खेळणी जमवतोय," चिंतामण बायकोला म्हणाला.

"आणि तुम्ही ती द्यायला निघालात," चारुलता म्हणाली. "दोघांत शहाणा कोण ते ठरवा एकदा."

तरी हा पठ्ठ्या मोटार आणायला पार सांगलीला गेला. दुकानदारानं विचारलं, "पोराला द्यायची का शौकिनाला?"

"फरक काय पडतो?"

"लय पडतो. पोराला कुठलीबी द्या, चाकं फिरली म्हंजे झालं. शौकिनाला डबी कोरी लागती. तो ती जन्मात उघडत न्हाई. उघडली की गाडी मेली."

"मग आत गाडी आहे हे कळतं कसं?"

"इश्वास, साहेब!"

खंडेनवमीच्या सकाळी डबी घेऊन चिंतामण साहेबांच्या दारात हजर. साहेब महाबळेश्वरला दौऱ्यावर गेले होते. घरी त्यांच्या आई, राहीबाई, विळा, कोयता, पाटा-वरवंटा अशी सगळ्यांची पूजा मांडून बसल्या होत्या.

"काय हाय रं ह्यात?"

"मोटार आहे, मातोश्री. साहेबांसाठी."

"नवी मोटार, आन् आज खंडेनवमी! उघड, कुकू लावते."

"नको, नको! ती उघडायची नसते. साहेब चिडतील, माझी बदली..."

"बदली माझ्या लेकाच्या हातात हाय, आन् लेक माझ्या हातात. उघड म्हंते न्हवं!"

डबी उघडली. टपावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक उमटलं. चाकाखाली लिंबू काही मावेना, म्हणून भिजवलेला हरभरा ठेवला. राहीबाई खूश झाल्या. इथं उठून घरी गेला असता तर निभावलं असतं. पण लाळघोट्या माणसाला थांबायचं कुठं हे कधी कळलंय?

"मातोश्री," तो म्हणाला, "त्या कपाटातल्या मोटारींची पूजा कधी झालीय का हो?"

"न्हाई की रं! आगं बया, इतकी वाहनं घरात बिनपूजेची! तरीच ह्याची जीप घाटात बंद पडती. काढ समदी खाली."

चिंतामणनं डब्या फोडल्या, मोटारी ओळीनं मांडल्या, प्रत्येकीला हळदकुंकू फासलं. राहीबाईंनी नारळ फोडला आणि पाणी मोटारींवर, डब्यांवर सढळ हातानं शिंपडलं. पुठ्ठे पापडासारखे फुगले.

तेवढ्यात साहेब दारात उभे राहिले. त्यांचा आ वासला तो मिटेना.

"हे... हे कुणी केलं?"

"ह्या गुणाच्या लेकरानं आठवण केली बग," राहीबाई म्हणाल्या. "तुला कवा सुचलं न्हाई."

आख्खी कचेरी ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं चळचळा कापायची, तो वाघ आईपुढं पुटपुटला, "छान केलंत, भावे."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी कचेरीत बोलावणं आलं. "तुमची वडूजची बदली रद्द."

चिंतामण पाया पडायला वाकला.

"थांबा. रोज संध्याकाळी घरी यायचं. काडीला कापूस गुंडाळून एकेक मोटार पुसायची. शेवटची चकचकीत होईपर्यंत सातारा सोडायचा नाही."

संध्याकाळी चिंतामण पुसायचा. सकाळी आंघोळ करून राहीबाई पुन्हा कुंकू लावायच्या. "कुनी मेल्यानं पुसलं रं?" असा रोज पुकारा. आईला थांबवायची साहेबांची छाती नव्हती आणि साहेबांना सांगायची चिंतामणची नव्हती. दिवाळीला भाव्याच्या घरी फराळ झाला, पण भावे मात्र साहेबांच्या ओसरीवर मोटारीच्या काचा कोरत बसला होता.

शेवटी त्यानं स्वतःच अर्ज केला. साहेबांनी तो सावकाश वाचला.

"वडूज मागताय? तिथं दुसऱ्याला धाडलं की. परत बोलावलं तर येईना झालाय. म्हणतो, फार सुखात आहे."