अँब्रोजरावांची तारीख

गद्रे दोह्यातल्या आमच्या घरी मागच्या खोलीत राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मला म्हणाले, "वहिनी, मेव्हण्याने गिरणीची वाट अडवली."

मी गॅस बारीक केला. साठीला टेकलेला, परदेशात एकटा राहणारा नाशिकचा माणूस, आणि तिकडे मेव्हणा असले उद्योग करतोय म्हटल्यावर मला फार वाईट वाटलं. मी आल्याचा चहा टाकला आणि वकील बरा आहे का, विचारलं.

"वकील लबाड आहे," गद्रे म्हणाले. "पण साक्षीदार भक्कम. एक म्हातारी आहे, ती लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच वाटेने दळण नेते. रेकॉर्डवर आहे."

पुढचे तीन महिने मी त्या मेव्हण्याच्या नावाने बोटं मोडली. तारखेच्या दिवशी गद्रे सकाळपासून काही खात नसत. संध्याकाळी "पुढची पडली" म्हणून सांगायला आले, की मी वाटीभर शिरा त्यांच्या हातावर ठेवायची. गणपतीला नारळसुद्धा बोलले. मग एकदा भाजी निवडता निवडता सहज विचारलं, की ही गिरणी नाशकात नेमकी कुठे आली.

"नाशकात कुठली? इंग्लंडात."

"आणि केस कधीपासून चालू आहे?"

गद्र्यांनी छताकडे बघून विचार केला. "महाराजांनी तोरणा घ्यायच्या आधीपासून धरा."

गिरणी अँब्रोज थॉर्न्डल नावाच्या सतराव्या शतकातल्या एका इंग्रज जमीनदाराची होती. वाट अडवणारा मेव्हणा ह्यू. आपण तिथी पाळतो तशा गद्रे त्यांच्या सुनावण्या पाळत. म्हणजे माझा तीन महिन्यांचा शिरा एका गोऱ्याच्या दुःखात गेला होता, आणि नारळही फेडता येत नव्हता, कारण निकाल लागलेला नव्हता.

गद्रे डॉक्युमेंट कंट्रोलर होते. फुटबॉल वर्ल्डकपचं एक स्टेडियम उभं राहत होतं. त्याचा प्रत्येक नकाशा, प्रत्येक पत्र गद्र्यांच्या हातून जाई, त्यावर नंबर पडे, शिक्का बसे, आणि सगळ्यांच्या सह्या होऊन 'क्लोज-आउट' झालं की फाईल मिटे. क्लोज-आउट हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत पवित्र शब्द. आमच्याकडे जेवले तरी शेवटचं ताक पिऊन "क्लोज-आउट" म्हणत पानावरून उठायचे.

आणि अँब्रोजरावांची फाईल नेमकी क्लोज झालेली नव्हती. त्याचं असं झालं, की त्यांच्या ऑफिसातला कॉलिन नावाचा इंग्रज कंत्राट संपवून परत निघाला. जाताना इथले लोक घरातलं सगळं विकून टाकतात. गद्रे त्याच्याकडे इस्त्री आणायला गेले आणि इस्त्रीबरोबर कागदांचं एक खोकं घेऊन आले. कॉलिनला आपल्या पूर्वजांवर पुस्तक लिहायचं होतं, त्यासाठी त्याने कुठून कुठून नकला जमवल्या होत्या. मग त्याला कळलं, की हा अँब्रोज आपला पूर्वजच नव्हे. त्याने खोकं कचऱ्यात टाकायला काढलं होतं.

"आपला कुणी नाही म्हणून अर्धवट फाईल टाकतात का हो, वहिनी?" गद्रे मला विचारत होते, जसं काही मीच टाकली.

त्यांना सगळं तोंडपाठ. अँब्रोजराव तापट पण मनाचे निर्मळ. त्यांची बायको मार्गरी ही ह्यूची सख्खी बहीण, तिला गद्रे 'मार्गरीवहिनी' म्हणत. मी एकटीच वहिनी नाही हे कळल्यावर मला उगाचच थोडं लागलं. त्यांना दोन मुलं झाली, दोन्ही पाळण्यातच गेली. पुढे राजाचं डोकं उडवलं गेलं, त्यावर गद्र्यांचं म्हणणं एवढंच, की त्या भानगडीत कोर्टाच्या तारखा लांबल्या. मग मार्गरीवहिनीही गेल्या. इकडे अफझलखानाचा कोथळा निघाला तरी तिकडे गिरणीच्या वाटेच्या साक्षी चालूच. एकूण एकोणीस वर्षं.

त्या दिवसांत दोह्यात ज्याच्या त्याच्या तोंडी वर्ल्डकप. रस्ते वर्ल्डकपपर्यंत होणार, नोकऱ्या वर्ल्डकपपर्यंत राहणार. माझा नवरा श्रीकांत रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्ट करून आला, की डोळे चोळत तिकिटांच्या मागे बसायचा. गद्र्यांना फुटबॉलमध्ये रस एवढाच, की इंग्लंडची माणसं येणार. त्यांच्या साइटवर गॅरी नावाचा सेफ्टीवाला होता, तो अँब्रोजरावांच्या शेजारच्या जिल्ह्यातला निघाला. गद्र्यांनी त्याला कँटीनमध्ये गाठून विचारलं, की तुमच्या बाजूला ह्यूबद्दल काय मत आहे. गॅरीला वाटलं, कोणी नवा सुपरवायझर येणार असेल. तो म्हणाला, भेट नाही झाली, पण माणूस चांगला आहे असं ऐकून आहे. गद्रे पुढे महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

वाटेच्या बाबतीत तर ते फारच हळवे झाले होते. रस्त्यांच्या कामांमुळे अल गराफातल्या आमच्या गल्लीचं तोंड त्या काळात रोज नव्या ठिकाणी सापडायचं. एका सकाळी तिथे नारिंगी बॅरिकेड लागले. गद्रे गाड्या वळवणाऱ्या झेंडेवाल्याला हिंदीत सांगायला लागले, की इथून मी दोन वर्षं बिनतक्रार वहिवाट केलेली आहे, साक्षीदार हजर करतो. तो बिचारा उन्हात "यल्ला भाई, यल्ला" करत पुढे व्हायला सांगत होता. गद्र्यांनी साक्षीदार म्हणून खालूनच मला हाका मारल्या. मी गाऊनवर होते, त्यामुळे आमची बाजू लंगडी पडली.

पण खरी कमाल भाद्रपदात झाली. गद्रे दारात संकोचून उभे राहिले. "वहिनी, सर्वपित्रीला दोन वडे जास्त कराल का? आई-अण्णांचं पान मी ठेवतोच. या वर्षी तिसरं ठेवावं म्हणतो."

"अहो गद्रे, ते ख्रिश्चन!"

"आहेत ना. पण त्यांचं दुसरं कोणी नाही."

"आणि अळूची भाजी? ती चालेल त्यांना?"

"चव तर घेतील," गद्रे म्हणाले.

गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. आमच्या बाजूला कावळे नाहीत, त्यामुळे पितरांनी साळुंक्यांवर भागवायचं असं इथे ठरूनच गेलंय. आई-अण्णांच्या पानांना साळुंक्या लगेच शिवल्या. तिसऱ्या पानाकडे एकही बघेना. गद्रे हात जोडून उभे राहिले. "ह्यूला मी सोडणार नाही," ते म्हणाले. काही नाही. "वाट मोकळी करून घेतो." काही नाही. "गिरणी तुमच्याच नावावर राहील." एक मांजर आलं, अळू हुंगून निघून गेलं. खालून श्रीकांत ओरडला, "आटपा रे, माझी बस येईल!" घामाने निथळणारे गद्रे शेवटी पानापाशी वाकले आणि ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "सर, काइंडली रिव्हर्ट."

साळुंकीने वडा उचलला.

"बघा," गद्रे कपाळाला हात लावून म्हणाले, "इतका वेळ मी मराठीत बोलत होतो!"

जिना उतरताना मात्र ते मध्येच थांबले. "वहिनी, केस कोण जिंकलं ते राहू दे. त्यांचं शेवटचं कोणी केलं असेल हो? मूल नाही, बायको आधी गेलेली. फाईल एका सुनावणीवर संपते. माणूस लंडनला तारखेला गेला, एवढंच कळतं. कोणीतरी नेलं असेल ना त्यांना घरी? तेवढं समजलं की मी क्लोज-आउट करतो."

त्यांनी त्या गावच्या चर्चला ईमेल केली. विषय: मिस्टर अँब्रोज थॉर्न्डल यांची अंतिम स्थिती. सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे. उत्तर आलं नाही. मग पहिला रिमाइंडर गेला, दुसरा गेला, आणि चौथ्याची प्रत थेट बिशपना गेली. स्टेडियमवर खुर्च्या बसल्या, दिवे लागले, सगळी कागदपत्रं मालकाच्या ताब्यात द्यायचे दिवस आले. ते दिले की गद्र्यांचं काम खलास, व्हिसा खलास. पुढे काय करणार विचारलं, की म्हणायचे, "नाशिकला फ्लॅट आहे. इन्शाल्ला उघडतो." त्यांना नाशिकहून कधी कुणाचा फोन आलेला मी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर ती गोष्ट तोवर माझ्या लक्षातही आली नव्हती.

एका दुपारी ते आले आणि त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. चर्चचं दप्तर सांभाळणाऱ्या एका आजीबाईंचं उत्तर होतं. उशिराबद्दल त्यांनी क्षमा मागितली होती. जुना गालिचा उचलायला माणूस मिळत नव्हता, आणि गालिच्याखाली दगड होता. दगडाचा फोटोही होता. अँब्रोज लंडनला भाड्याच्या खोलीत वारला होता. त्याला बैलगाडीत घालून, बर्फातून, आठ दिवसांचा रस्ता तुडवत गावी आणणारा, त्याला पुरणारा आणि त्याच्यावर दगड बसवणारा माणूस एकच होता. खाली त्याचं नाव कोरलेलं होतं. ह्यू.

"तोही त्याच तारखेला आला होता ना," गद्रे म्हणाले. "समोरच्या बाजूने."

मी त्यांच्यासाठी पाणी आणलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"मी या ह्यूला दोन वर्षं काय काय बोललो, वहिनी. आणि एकोणीस वर्षांत अँब्रोजरावांना खरं ओळखत होता तो हाच एक. त्याने नेलं." मग हसल्यासारखं करून म्हणाले, "म्हणजे निदान कुणाशी तरी भांडून ठेवायला हवं होतं. मी नाही हो ठेवलं. आपलं सगळ्यांना हो म्हणत आलो. माझं कुणाशी भांडणसुद्धा नाही."

ते गेल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून रडले. इतके दिवस मी या माणसाची टिंगल करत होते, आणि त्याला दिलेला शिरा वाया गेला म्हणून हळहळतही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले. कपड्यांच्या दोरीवर गद्र्यांचे दोन शर्ट वाळत होते. ते मी एका टोकाला लोटले, खाली येऊन त्यांचं दार वाजवलं आणि आवाज चढवून विचारलं, "गद्रे, ती दोरी कोणाची?"

"दोघांची ना?" ते गोंधळून म्हणाले.

"मुळीच नाही. जिन्यापासून टाकीपर्यंत माझी. तुम्ही यायच्या आधीपासूनची. यापुढे तुमचा एक रुमालही तिथे दिसता कामा नये."

"सॉरी वहिनी, लगेच काढतो..."

"काढू नका!" मी ओरडले. "हरकत घ्या!"

गद्र्यांनी सावकाश खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला.

"लेखी द्या," ते म्हणाले.

मी लेखी दिलं. संध्याकाळी तीन पानी उत्तर आलं, त्यात सात मुद्दे होते. सातवा असा, की दोरीवरचे निळे चिमटे मुळात त्यांचे आहेत.

पहिला सामना सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी गद्रे नाशिकला गेले. आता अख्खी दोरी मीच वापरते, पण त्यांचा हक्क संपला असं मी कुठेही लिहून दिलेलं नाही. दर महिन्याला त्यांची ईमेल येते. मी मुद्दाम उत्तर लांबवते, म्हणजे रिमाइंडर येतो, आणि रिमाइंडर आला की ते बरे आहेत हे कळतं. निळे चिमटे मी अजून परत केलेले नाहीत.

परवा श्रीकांत वैतागून म्हणाला, "अगं, चूक तुझी आहे. देऊन टाक ना त्यांना ते चिमटे आणि मिटव एकदाचं."

मी म्हटलं, या जन्मात देणार नाही.