खरमाटेबाईंनी आपल्याच जाळीत चेंडू घातला त्याची हकिकत

॥ श्रीगोल चेंडू समर्थ ॥ शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पौष मासी, गुरुवारी मधली सुटी सरल्यावर शाळेच्या क्रीडादिनाच्या भरल्या मंडपात सवाल जाहला तो ऐसा जे, "ताई, तुम्ही कधी चुकून स्वतःच्याच बास्केटमध्ये बॉल टाकलाय का?" पुसणार मधुलिकाबाई सरपोतदार, इयत्ता नववी, उंची ऐसी की वर्गाच्या दारातून वाकोन जावे, आणि पुसावयास लाविले ते केतकीबाई आदिकरून सख्यांनी, पैज घालोन. ज्यांस पुसले त्या प्रमुख पाहुण्या शाल्मलीबाई खरमाटे, ज्यांणी महाविद्यालयाच्या फौजेत चार वर्षे आणि मग समुद्रापार व्यावसायिक संघात अकरा वर्षे बास्केटबॉलची तलवार गाजविली. सवाल ऐकताच मुख्याध्यापकसाहेबांचा चेहरा दुधी भोपळ्यासारखा जाहला आणि मंडपात हशा पिकला.

येथे मधुलिकाबाईंचे घरचे वर्तमान सांगणे प्राप्त आहे. रविवारी जिल्हा बास्केटबॉल संघाची निवडचाचणी, आणि त्याच वेळेस दहावीच्या क्लासचा पहिला तास, आणि मातोश्री-तीर्थरूपांचा हुकूम जाहला होता की खेळ पुष्कळ झाला, आता दहावीची मोहीम. बाईंनी मुकाट मान डोलाविली, ती आज्ञाधारक म्हणोन नव्हे, तर धास्ती होती की आपण चारचौघांत चुकलो आणि लोक हसले तर तोंड कोठे लपवावे. ही गोष्ट केतकीबाईंसही ठाऊक नव्हती.

ऐसियास शाल्मलीबाई खो खो हसोन माईक हाती घेत्या जाहल्या आणि सांगितले की, होय, टाकला आहे, तोही विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात. मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात हा त्या खेळाचा रिवाज, परंतु बाई पाणी पिण्यात दंग, मग शिट्टी वाजली आणि चेंडू हाती आला आणि बाई जुन्याच जाळीकडे धावत सुटल्या. वाटेत कोणी आडवे येईना, तेव्हा वाटले की शत्रू आपणांस भ्याला. मग उडी ऐसी देखणी मारिली की खुद्द त्यांच्या आईसाहेबांनी उभे राहोन टाळ्या पिटल्या. ते दोन गुण नियमाप्रमाणे शत्रूच्या कर्णधार मुलीच्या नावे चढले आणि सामना एका गुणाने गेला. मग बाई आठ दिवस मेसला मागच्या गल्लीने जात होत्या.

मधुलिकाबाईंस राहवेना. पैजेत नव्हते तेही पुसले, "मग सोडलं नाहीत तुम्ही?"

"सोडणारच होते गं," शाल्मलीबाई बोलिल्या. "पण पुढच्या मॅचला मध्यंतर झालं आणि मला खरंच कळेना. मग सगळ्यांसमोर रेफरींना विचारलं, सर, आमची बास्केट कुठली? अख्खं स्टेडियम हसलं. त्यांचं हसून झालं, मग मी खेळले."

आणि तो परिपाठच पडला. पुढे समुद्रापार, परक्या भाषेत, प्रत्येक सामन्यात मध्यंतरानंतर बाईंनी तोच सवाल पुसावा आणि लोकांनी हसावे आणि बाईंनी गुण करावे. मग शत्रूकडील मुलीच अदबीने हात करोन दाखवू लागल्या, आणि शेवटच्या सामन्यास तर बाईंनी तोंड उघडण्याआधीच सहा हजार प्रेक्षकांनी एकदम जाळीकडे बोट केले. तेव्हा मात्र बाई रडल्या.

हे ऐकोन मधुलिकाबाई खाली बसल्या. केतकीबाईंनी पैजेचा वडापाव पुढे केला तर त्यांणी अर्धाच खाल्ला, हे सख्यांच्या मते सर्वांत मोठे आश्चर्य.

सारांश, सवाल दोन पुसले, पहिल्यास मंडप हसला, दुसऱ्यास कोणी हसले नाही, आणि मधुलिकाबाईंची धास्ती कोठे गेली ते कळले नाही. सायंकाळी मातोश्री पावटे सोलीत होत्या आणि तीर्थरूप मोबाइल पाहात होते, तेथे मधुलिकाबाई दप्तरासुद्धा उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "आई, बाबा, रविवारी मी चाचणीला जाणार. क्लासच्या सरांना मीच फोन केलाय, बुडालेला तास सोमवारी भरून देणारेत. हसतील लोक, हसू देत. आणि हे मी विचारत नाहीये, कळवतेय."