द्वारका सशिणीची नऊ रोपं

एका जंगलात, बाळांनो, बोटं तोंडातून काढा आणि ऐका, द्वारका नावाची सशीण राहायची. रानडुकरांनी तिचा कोबीचा वाफा उकरून फस्त केला होता. उरलं होतं नऊ दाणे बी. तेही वाया गेलं तर सहा पिलांनी थंडीत खायचं काय, हा तिच्या जिवाला घोर.

तिनं बी बिळातच करवंट्यांमध्ये पेरलं. आठवड्यात नऊच्या नऊ दाणे उगवले. पण बिळात अंधार. रोपं काडीसारखी लांबली आणि दाराकडे माना वाकवून उभी राहिली. मुक्या जिवानं याहून स्पष्ट काय बोलायचं?

द्वारका करवंट्या दाराशी न्यायला निघालीच होती. पण एकदा विचारून घ्यावं म्हणून तिनं 'घरोघरी रोपं' या ग्रुपवर फोटो टाकला. इथं बाई फसली.

"उन्हात? तान्हं पोर उन्हात ठेवशील का गं?" टिटवीताईनं लिहिलं.

"पाणी कमी पडतंय," मुंगूसभाऊंनी सकाळी कळवलं. "पाणी जास्त झालंय," त्यांनीच संध्याकाळी कळवलं. दोन्ही वेळा त्यांना सतरा जणांनी अंगठे दिले.

मग ग्रुपचे अध्यक्ष वामनराव माकड जातीनं घरी आले.

"मुळं बघितलीस?"

"मुळं मातीत आहेत, वामनराव."

"तेच तर. आपल्या ग्रुपची रीत आहे. रोज सकाळी रोप उपटायचं, मुळांचा फोटो टाकायचा, परत खोचायचं."

"त्याला सोसेल का?"

"तीस वर्षं हेच करतोय मी."

पहिल्या दिवशी नऊ फोटो गेले. "काय मुळं आहेत, वहिनी," असं कौतुक झालं. मग सात गेले. मग चार. शेवटी एकच रोप उरलं.

"एवढं एक मातीत राहू द्या," द्वारका म्हणाली.

"तुझ्यासाठी रीत मोडली तर बाकीचे मला काय म्हणतील?"

तिनं उपटलं. दुपारपर्यंत तेही मान टाकून मोकळं झालं. पिलं करवंट्यांतली माती हुंगत बसली.

तेव्हा द्वारका भडकली. "वामनराव, तुमच्या घरी आजवर किती रोपं जगली?"

"एकही नाही," माकड शांतपणे म्हणालं.

"आणि ज्यांची जगली?"

"ते ग्रुपवर कशाला येतील? त्यांना भाजी तोडायची असते." त्यानं मांडी खाजवली. "पण दहा दिवसांत नऊच्या नऊ मेली? एवढा दांडगा अनुभव आमच्यात कुणाकडे नाही. उद्यापासून मार्गदर्शक तू. प्रश्न विचारायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही बरं."

दुसऱ्याच दिवशी एक खार आली. हातात बाजारातून आणलेला कोबीचा गड्डा.

"मावशी, माझी मिरचीची रोपं दाराकडे वाकतात. करवंटी दाराशी ठेवू का?"

द्वारकेला उत्तर पक्कं माहीत होतं. तिनं खारीकडे पाहिलं. गड्ड्याकडे पाहिलं. मग सहा पिलांकडे पाहिलं.

"घाई करू नकोस, बाळ," ती म्हणाली. "परवा परत ये."

तात्पर्य, तुम्ही विचारणारच म्हणून सांगते: रोप जगवणाऱ्याला भाजी मिळते, पण ती स्वतः तोडावी लागते. रोपं मारून सल्ला देणाऱ्याला ती घरपोच येते. तेव्हा पोरांनो, हात मातीत घालू नका. मोबाइल मळतो.